सायकलकार आणि खास बॉडीची छोटी मोटार: गल्लत नेमकी कुठे होते

जुन्या मोटारींविषयी मराठीत अलीकडे बरेच लिहिले जाते, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली, मागे निमुळती होत गेलेली, दोन माणसांची कोणतीही चिमुकली गाडी दिसली की तिच्या छायाचित्राखाली ‘सायकलकार’ असे लिहून मोकळे होण्याची सवय इतकी रुळली आहे, की तिच्याविषयी एकदा सविस्तर लिहिणे भाग आहे. १९२७ ची ऑस्टिन स्वॉलो, १९२९ ची एमजी मिजेट आणि १९२१ ची जीएन यांची छायाचित्रे शेजारी शेजारी मांडली तर तिन्ही गाड्या एकाच घरातल्या वाटतात. प्रत्यक्षात पहिल्या दोन खास बॉडी, म्हणजे नेहमीच्या छोट्या मोटारीवर वेगळी घडवलेली बॉडी, चढवलेल्या पूर्ण मोटारी आहेत आणि सायकलकार, म्हणजे मोटारसायकलच्या यंत्रसामग्रीवर चालणारी हलकी गाडी, केवळ तिसरी आहे.

स्वॉलोच्या बॉडीखालची मूळ गाडी म्हणजे बेबी ऑस्टिन. ती बहुतेक वाचकांच्या परिचयाची असल्याने तिच्याविषयी थोडक्यात सांगतो. हर्बर्ट ऑस्टिन यांनी स्टॅन्ली एज या अठरा वर्षांच्या आरेखकाला हाताशी धरून ती आखली, १९२२ मध्ये ती १६५ पौंडांना जाहीर झाली आणि थोड्याच अवधीत तिचे इंजिन ६९६ सीसीवरून ७४७ सीसीवर गेले. आपल्या विषयापुरते महत्त्वाचे इतकेच, की पाण्याने थंड होणारे चार सिलिंडरांचे इंजिन, क्लच, गिअरपेटी, मागच्या आसापर्यंत जाणारा शाफ्ट, डिफरन्शियल (वळताना मागची दोन चाके वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) आणि चारही चाकांना ब्रेक, असे मोठ्या मोटारीत असणारे सारे काही तिच्यात होते. फक्त ते लहान मापात होते.

सायकलकार दुसऱ्या टोकाकडून आली. १९१० च्या सुमारास, मोटार परवडत नाही आणि मोटारसायकलवर दुसऱ्या माणसाची सोय होत नाही, अशा ग्राहकासाठी मोटारसायकलचीच यंत्रसामग्री हलक्या सांगाड्यावर बसवून ती जन्माला घातली गेली. पॅरिसच्या रोबेर बुर्बो आणि आंरी देव्हो यांच्या बेदेलियात दोन माणसे एकामागे एक बसत आणि चालक मागे असे. पुढचा आस तारांनी वळवला जाई आणि इंजिनाची शक्ती लांबलचक पट्ट्यांनी मागच्या चाकांपर्यंत पोहोचे. इंग्लंडमध्ये गॉडफ्री आणि फ्रेझर-नॅश या दोघांच्या जीएनने हाच विचार अधिक शहाणपणाने पुढे नेला. पहिल्या महायुद्धानंतरच्या जीएनचे हवेने थंड होणारे, ‘व्ही’ आकारातल्या दोन सिलिंडरांचे १०८७ सीसीचे इंजिन बॉनेटच्या दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावत असे. मागच्या आसाला डिफरन्शियल नव्हता आणि प्रत्येक गिअरसाठी स्वतंत्र साखळी होती. गिअर बदलणे म्हणजे दातेरी क्लचने एक साखळी सोडून दुसरी पकडणे. साधेपणा, हलकेपणा आणि वेग यांची अशी सांगड मला आजही अतिशय देखणी वाटते, आणि जीएनला ‘गरिबांची मोटार’ म्हणून निकालात काढणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही.

इथपर्यंत सोपे आहे. खरी गल्लत यापुढे होते, आणि ती अभ्यासू माणसांचीही होते, कारण तिच्या मुळाशी कागदपत्रे आहेत. डिसेंबर १९१२ मध्ये मोटारसायकल क्लबांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने सायकलकारचे वर्ग ठरवले. मोठ्या वर्गासाठी कमाल वजन ३५० किलो आणि इंजिन जास्तीत जास्त ११०० सीसी, तर लहान वर्गासाठी १५० ते ३०० किलो वजन आणि ७५० सीसी. क्लच आणि गिअर दोन्ही वर्गांना आवश्यक होते. युद्धानंतर १९२० मध्ये फ्रान्सने ३५० किलोपर्यंतच्या, ११०० सीसीच्या आतल्या, फार तर दोन आसनांच्या गाडीला करात मोठी सवलत दिली. या दोन्ही व्याख्यांत वजन आणि इंजिनाचे माप आहे. गाडी कशी बांधलेली असावी याविषयी जवळपास काही नाही. कारखानदारांनी त्याचा अर्थ अचूक ओळखला. पट्टे, तारा आणि दोन सिलिंडरांच्या खटाटोपात न पडता त्यांनी खरीखुरी मोटारच इतकी हलकी केली की ती सवलतीच्या मापात बसावी.

१९२१ ची अमिल्कार सीसी हे याचे उत्तम उदाहरण. तिचे इंजिन ९०३ सीसीचे, चार सिलिंडरांचे आणि पाण्याने थंड होणारे. शक्ती शाफ्टने मागे जाई. त्याच वर्षीची साल्मसोंही चार सिलिंडरांचीच होती, आणि गंमत अशी की याच साल्मसों कारखान्याने त्याआधी जीएनची खरीखुरी सायकलकार परवान्यावर बांधली होती. कराच्या खात्यात या दोन्ही फ्रेंच गाड्या सायकलकार, शर्यतींच्या यादीतही सायकलकार: १९२१ ची ल मां येथील सायकलकार ग्रां प्री साल्मसोंच्या आंद्रे लोंबारने जिंकली, तर १९२२ ची पहिली बोल दॉर ही चोवीस तासांची शर्यत अमिल्कारच्या आंद्रे मोरेलने. त्यामुळे त्या काळचे वृत्तांत वाचणाऱ्याला अमिल्कार आणि बेदेलिया एकाच जातीच्या वाटतात, आणि मग अमिल्कारसारखी दिसणारी निमुळत्या शेपटाची ऑस्टिनही त्याच रांगेत जाऊन बसते. एका कागदी वर्गामुळे अशी दुहेरी चूक घडते. वास्तविक अमिल्कार ही बांधणीने छोटी मोटार आहे आणि कराने सायकलकार; या दोन विधानांत कोणताही विरोध नाही, फक्त कोणते विधान करतो आहोत हे लिहिणाऱ्याने स्पष्ट केले पाहिजे.

बांधणीने ओळखायचे तर बॉडीकडे पाठ फिरवावी आणि इंजिनापासून चाकापर्यंत शक्ती कोणत्या वाटेने जाते ते पाहावे. त्यातही एकाच भागावर निकाल देऊ नये. डिफरन्शियल नाही म्हणून सायकलकार म्हणावे, तर १९२१ च्या अमिल्कारलाही तो नव्हता. साखळी आहे म्हणून म्हणावे, तर जीएन सोडल्यावर फ्रेझर-नॅश यांनी स्वतःच्या नावाने काढलेल्या चार सिलिंडरांच्या दणकट स्पोर्ट्‌स गाड्यांत १९३० च्या दशकातही साखळ्याच होत्या, आणि त्यांना सायकलकार म्हणणे सरळ चूक ठरेल. इंजिन मोटारसायकलच्या घराण्यातले, शक्तीची वाट पट्ट्याची किंवा साखळीची आणि सांगाडा त्या दोहोंना पेलण्यापुरता, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच ती सायकलकार. चाकांची संख्या याबाबत गौण आहे. मॉर्गन या इंग्लिश गाडीला तीन चाके होती, जीएनला चार, आणि दोन्ही सायकलकार आहेत. ब्रिटनमध्ये हलक्या तीनचाकीला वर्षाला ४ पौंड कर पडे, तर १९२१ पासून मोटारीला दर अश्वशक्तीमागे १ पौंड. म्हणूनच ऑस्टिनने चारचाकी सायकलकारींचा बाजार उठवल्यावरही मॉर्गन टिकून राहिली.

आता खास बॉडी. त्या काळी चासी (सांगाडा, इंजिन आणि चाके मिळून होणारा गाडीचा खालचा भाग) एकाची आणि बॉडी दुसऱ्याची ही रीत मोठ्या गाड्यांत जुनीच होती. नवे घडले ते इतकेच, की ऑस्टिनमुळे ती स्वस्त गाडीपर्यंत उतरली. ब्लॅकपूलला साइडकार बनवणाऱ्या विल्यम लायन्स आणि विल्यम वॉम्स्ली यांच्या स्वॉलो कारखान्याने १९२७ मध्ये ऑस्टिनच्या चासीवर ॲश लाकडाच्या सांगाड्याची, ॲल्युमिनियमच्या पत्र्याची गोलसर बॉडी बसवून ती १७५ पौंडांना विकायला काढली. हाच कारखाना पुढे जॅग्वार झाला. एमजीने १९२९ पासून मॉरिस मायनरच्या चासीवर मिजेट विकली. तिचे ८४७ सीसीचे इंजिन मॉरिसचेच आणि होडीच्या आकाराची बॉडी कापडाने मढवलेली. कापड पाहून अनेकांना ती हलक्या दर्जाची सायकलकार वाटते. पण कापडी बॉडी ही त्या काळातली उत्तम कारागिरी होती. कापडी बॉडीची खास पद्धत काढणाऱ्या वेमान यांच्या रीतीत लाकडाचे तुकडे एकमेकांना न टेकता मधल्या लोखंडी पट्ट्यांनी जोडले जात, त्यामुळे बॉडी कुरकुरत नसे आणि वजनही वाचे. अशा बॉडी मोठमोठ्या महागड्या मोटारींवरही चढत.

खास बॉडीखाली चासी मूळ मोटारीचीच असल्यामुळे स्वॉलोचे सुटे भाग ऑस्टिनचे चालतात, तिची दुरुस्ती ऑस्टिन जाणणारा करू शकतो आणि रस्त्यावर ती ऑस्टिनसारखीच वागते. जीएनच्या मालकाला असा आधार नाही. बॉडी कोणाची आहे याला किंमत ठरवताना महत्त्व आहे, पण गाडीची जात ठरवताना नाही.

शेवटची तक्रार नव्याने बांधलेल्या बॉडींविषयी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः १९५० च्या दशकात, हजारो जुन्या ऑस्टिनच्या बंद बॉडी उतरवून त्यांच्या चासीवर हौशी लोकांनी ॲल्युमिनियमच्या निमुळत्या बॉडी चढवल्या. त्या गाड्यांना ‘स्पेशल’ म्हणतात, त्यांचा स्वतःचा इतिहास आहे आणि त्यांतल्या काही फार उत्तम आहेत. परंतु त्यांना १९२० च्या दशकातल्या कारखान्याची खास बॉडी म्हणून दाखवणे, किंवा त्याहून वाईट म्हणजे सायकलकार म्हणून विकणे, खपवून घेता कामा नये. चासी १९२९ ची असली म्हणजे बॉडीही १९२९ ची ठरत नाही. विकणाऱ्याकडे बॉडी बांधणाऱ्याच्या नावाची पट्टी, जुनी छायाचित्रे किंवा नोंदणीची कागदपत्रे मागावीत. अशा पुराव्याशिवाय मूळची म्हणून सांगितलेल्या निमुळत्या शेपटाच्या गाडीपेक्षा, पत्रा पिचलेली पण मूळ बॉडी शाबूत असलेली चौकोनी बंद ऑस्टिन मी केव्हाही पसंत करीन.