फुलपाखरू पायांनी पानाची चव घेते

घराभोवती रंगीबेरंगी फुलझाडे लावली की फुलपाखरे आपोआप वाढतात, असा समज सर्रास आढळतो. मेक्सिकोतून आलेल्या झेंडूवर किंवा अमेरिका खंडातल्या घाणेरीवर फुलपाखरे मकरंद प्यायला येतात हे खरे आहे. पण त्यांची पुढची पिढी वाढते ती पानांवर, आणि पानांच्या बाबतीत सुरवंट कमालीचे चोखंदळ असतात.

प्रत्येक वनस्पतिकुळाने स्वसंरक्षणासाठी आपापली कडू, उग्र किंवा विषारी द्रव्ये घडवली आणि दीर्घ काळ त्या कुळाच्या सोबतीने उत्क्रांत झालेल्या मोजक्याच कीटकांना ती पचवता येऊ लागली. लिंबू, बेल आणि कढीपत्ता एकाच कुळातले. कॉमन मॉर्मन फुलपाखराची मादी कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर क्षणभर टेकते आणि पुढच्या पायांनी त्यावर भराभर टकटक करते. त्या पायांच्या टोकांना चव ओळखणारे सूक्ष्म केस असतात आणि पानावरच्या द्रव्यांचा स्पर्श होताच त्यांतल्या चेतापेशी उद्दीपित होतात. बहुधा एकच द्रव्य पुरत नाही, ठरावीक द्रव्यांचा मेळ जमावा लागतो, आणि अंडी घालण्यापासून परावृत्त करणारे द्रव्य आढळले तर मादी निघून जाते. मेळ जमला की ती पोट वाकवून फिकट पिवळे, वाटोळे अंडे पानाला चिकटवते. त्यातून निघणारा सुरवंट आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसतो, मोठेपणी हिरवा होतो आणि डिवचल्यास डोक्यामागून लाल, दुभंगलेला अवयव बाहेर काढून उग्र वास सोडतो. कुरतडलेली पाने पाहून फवारणी करणारे लोक नेमकी हीच पिढी मारतात.

दीर्घ काळ सोबतीने उत्क्रांत झालेल्या वनस्पतीवरच सुरवंट वाढतात, याला अपवादही आहेत. पानफुटी मूळची मादागास्करची, तरीही आपल्याकडच्या रेड पिएरो फुलपाखराचे सुरवंट तिच्या मांसल पानांत वाढतात.

रुईवर प्लेन टायगर हे फुलपाखरू वाढते. चीक असलेली झाडे घराशेजारी अशुभ असतात या समजुतीला कसलाही आधार नाही. मात्र रुईचा चीक डोळ्यांना गंभीर इजा करू शकतो, म्हणून ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर लावावी आणि छाटल्यावर हात धुवावेत.

गॅलरीत एकाच कुंडीची जागा असेल तर मी कढीपत्ताच सुचवेन. अंगण असेल तर सोबत कोरांटी लावावी, कारण तिची फुले मकरंद देतात आणि पानांवर लेमन पॅन्सीचे सुरवंट पोसले जातात. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपावर कीटकनाशक मारले होते का, हे मात्र आवर्जून विचारावे.