ड्रोनच्या बॅटरीचे आयुष्य आणि निगा : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे तपासणीसाठी येणाऱ्या ड्रोनच्या बॅटऱ्यांपैकी बऱ्याच बॅटऱ्या अति उड्डाणांमुळे नव्हे, तर पूर्ण चार्ज केलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने पडून राहिल्यामुळे खराब झालेल्या असतात. म्हणूनच या माहितीपत्रकात उड्डाणाइतकाच, किंबहुना थोडा अधिकच, भर आम्ही बॅटरी साठवण्याच्या पद्धतीवर दिला आहे.

बहुतेक ड्रोनमध्ये लिथियम-पॉलिमर बॅटरी असते, कारण कमी वजनात भरपूर ऊर्जा साठवून मोटरना लागणारा मोठा विद्युतप्रवाह एकदम पुरवणे तिला जमते. अशी बॅटरी एक किंवा अनेक सेलची (लहान विद्युत-घटकांची) बनलेली असते. तिच्या एका सेलचे सरासरी व्होल्टेज ३.७ असते, पूर्ण चार्ज झाल्यावर ते ४.२ पर्यंत आणि उच्च व्होल्टेजच्या काही प्रकारांत ४.३५ पर्यंत जाते. या वरच्या टोकाला सेलमधील द्रावणाचे हळूहळू विघटन होत राहते, त्यातून वायू तयार होतो, इलेक्ट्रोडवरचा थर जाड होत जातो आणि सेलचा अंतर्गत रोध वाढतो. ही प्रक्रिया बॅटरी वापरात नसतानाही चालूच असते आणि उष्णतेने ती अधिक वेग घेते. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत पूर्ण चार्ज केलेली बॅटरी ठेवणे म्हणजे तिच्या आयुष्याला थेट कात्री लावणे होय.

त्यामुळे दोन-तीन दिवसांत उड्डाण करायचे नसेल, तर बॅटरी ४० ते ६० टक्क्यांवर, म्हणजे प्रति सेल सुमारे ३.८ व्होल्टवर आणून थंड व कोरड्या जागी ठेवावी, आणि उड्डाणाच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी पूर्ण चार्ज करावी. आजकालच्या अनेक ‘स्मार्ट’ बॅटऱ्या काही दिवस न वापरल्यास आपोआप काही प्रमाणात उतरतात. त्या वेळी त्या किंचित कोमट लागतात आणि निघताना पाहिले तर चार्ज कमी झालेला दिसतो. तो दोष नसून बॅटरीचे आयुष्य जपण्यासाठीच केलेली सोय आहे. मात्र बॅटरी अगदी रिकामी ठेवणेही तितकेच घातक आहे. आतील संरक्षक सर्किट थोडी थोडी वीज वापरतच असते आणि व्होल्टेज फारच खाली गेल्यास सेलमधील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो, त्यामुळे पुढे चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट सर्किट होण्याचा धोका निर्माण होतो. बॅटरी ड्रोनमधून काढून ठेवावी आणि दर दोन-तीन महिन्यांनी तिचा चार्ज तपासावा.

उड्डाण करताना २० ते २५ टक्के चार्ज शिल्लक असतानाच ड्रोन खाली उतरवण्याची सवय लावून घ्यावी. शेवटच्या टप्प्यात व्होल्टेज झपाट्याने कोसळते, आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने परतताना मोटरना अधिक प्रवाह लागतो तो नेमका याच वेळी. थंडीत हा धोका वाढतो. गारठलेल्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असल्याने पडद्यावर ३० टक्के दिसत असतानाही बॅटरी अचानक मान टाकू शकते. अशा हवेत बॅटरी आधी खिशात किंवा उबदार पिशवीत ठेवून साधारण २० अंश सेल्सियसपर्यंत आणावी आणि उड्डाण सुरू केल्यावर पहिला मिनिटभर ड्रोन कमी उंचीवर स्थिर ठेवावा.

उतरल्यानंतर गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये, ती हाताला नेहमीसारखी लागेपर्यंत थांबावे. शून्य अंशाखाली तर मुळीच चार्ज करू नये, कारण त्या तापमानात लिथियम इलेक्ट्रोडच्या आत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचते आणि हे नुकसान बहुतांशी भरून येत नाही. चार्जर उत्पादकाने सांगितलेलाच असावा. सुट्या बॅटऱ्या वापरणाऱ्यांनी बॅलन्स चार्जिंग (सर्व सेल सारख्याच व्होल्टेजवर आणणारे चार्जिंग) करावे आणि बॅटरीवर वेगळे काही लिहिलेले नसल्यास क्षमतेइतकाच प्रवाह द्यावा, उदाहरणार्थ २२०० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीला २.२ अँपिअर. चार्जिंग चालू असताना जवळपास कोणीतरी असावे आणि आजूबाजूला पेट घेईल असे काही नसावे.

चांगली निगा राखल्यास अशा बॅटरीकडून साधारणपणे चार्ज होऊन उतरण्याच्या २०० ते ३०० चक्रांची अपेक्षा ठेवता येते. ५० टक्क्यांवरून दोनदा पूर्ण चार्ज केल्यास ते मिळून एकच चक्र धरले जाते. परंतु केवळ चक्रांच्या आकड्यावर विसंबू नये. क्षमता मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास आली, वर चढताना व्होल्टेज पूर्वीपेक्षा जास्त खाली जाऊ लागले, किंवा सेल-सेलच्या व्होल्टेजमधील फरक ०.१ व्होल्टहून अधिक राहू लागला, की बॅटरी बदलण्याची वेळ आली असे समजावे.

फुगलेली बॅटरी ओळखण्यासाठी ती सपाट टेबलावर ठेवून एका कोपऱ्यावर बोटाने हलकेच दाबावी. पूर्वी सपाट बसणारी बॅटरी आता डुलत असेल, किंवा खाचेत बसवताना घट्ट होत असेल आणि तिची पकड पूर्वीसारखी ‘टक्‌’ आवाज करून बसत नसेल, तर तिने एकही उड्डाण करू नये. पकड नीट न बसलेली बॅटरी हवेत सुटू शकते, ही आम्हाला सर्वांत गंभीर बाब वाटते. फुगलेली बॅटरी टोचू नये, दाबून सपाट करू नये आणि चार्जही करू नये. तिची टोके चिकटपट्टीने झाकून ती न पेटणाऱ्या भांड्यात वेगळी ठेवावी आणि घरच्या कचऱ्यात न टाकता बॅटऱ्या स्वीकारणाऱ्या ई-कचरा संकलन केंद्राकडे सोपवावी.