नाकागोवरचा गंज पुसू नका

जपानी तलवार सांभाळायचे नियम पहिल्यांदा ऐकले की माणूस बुचकळ्यात पडतो. पात्याला बोटाचा ठसाही लागू द्यायचा नाही. पण पात्याचा जो भाग मुठीत दडलेला असतो, ज्याला जपानीत ‘नाकागो’ म्हणतात, तो गंजून काळा पडला असला तरी तसाच ठेवायचा. चिंच लावून पितळ घासायची सवय असलेल्यांना हे सहजी पटत नाही.

या गंजाला किंमत आहे, कारण लोहाराची सही नाकागोवर असते आणि गंजाच्या रंगावरून, पोतावरून जाणकार पात्याचं वय ताडतात. सही कोणत्या बाजूला आहे हेही बोलकं असतं. घोडेस्वार सामुराई ‘ताची’ धार खाली करून कमरेला लटकवत; पुढे पायी लढणाऱ्यांची ‘काताना’ धार वर करून कमरपट्ट्यात खोवली जाऊ लागली. सही सहसा अंगाबाहेरच्या बाजूला कोरत, म्हणून दोन्हींच्या सह्या उलट बाजूंना सापडतात. मधल्या काळात कित्येक लांब ताची नाकागोकडून कापून आखूड केल्या गेल्या आणि सह्या त्या तुकड्यांबरोबर गेल्या. कामाकुरा काळातल्या (बारावं ते चौदावं शतक) मासामुने या नामवंत लोहाराची म्हणून ओळखली जाणारी बहुतेक पाती बिनसहीचीच आहेत. ती कोणाची हे ठरवायचं ते पोलादाचा पोत आणि धारेवरची नक्षी पाहून. होनआमी घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या हेच काम केलं.

ही नक्षी, म्हणजे ‘हामोन’, वरून काढलेली नसते. पाणी देण्यापूर्वी लोहार पात्यावर मातीचा लेप चढवतो: कण्याकडे जाड, धारेकडे पातळ. लाल तापलेलं पातं पाण्यात जाताच धार क्षणात थंड होऊन कडक बनते, कणा सावकाश निवतो आणि चिवट राहतो. कडक झालेलं पोलाद किंचित फुगतं, त्यामुळे पातं कण्याकडे वाकतं. तलवारीचा बाक बराचसा इथेच येतो. पुष्कळ पाती याच क्षणी तडकतात आणि महिन्यांची मेहनत भंगारात जाते. त्यापुढे घड्या घालण्याच्या दंतकथा मला फिक्या वाटतात. घडी घालून ठोकायचं ते मळी काढायला आणि कार्बन सगळीकडे सारखा पसरवायला. पंधरा घड्यांत 32,768 थर होतात हे गणित खरं, पण त्यात जादू नाही.

1876 मध्ये मेइजी सरकारने कमरेला तलवार बाळगण्यावर बंदी घातली आणि लोहारांचं गिऱ्हाईकच संपलं. बरेच जण सुऱ्या, विळ्यांकडे वळले. 1945 च्या पराभवानंतर दोस्त सैन्याने शस्त्रं जमा करायला सुरुवात केली. असंख्य तलवारी वितळवल्या गेल्या, काही सैनिकांनी आठवण म्हणून घरी नेल्या. वाचल्या त्या ‘हे शस्त्र नव्हे, कलावस्तू आहे’ हा युक्तिवाद मान्य झाल्यामुळे. 1948 मध्ये याच कामासाठी जपानी कला-तलवार जतन संस्था उभी राहिली. आजही जपानमध्ये तलवारीला नोंदणीपत्र लागतं, आणि लोहाराला निदान पाच वर्षांच्या उमेदवारीनंतर परवाना मिळतो.

तरी पोलाद कुठून आणायचं? युद्धासोबत ‘तातारा’ भट्ट्याही विझल्या होत्या. 1977 मध्ये या संस्थेने शिमाने प्रांतातल्या ओकुइझुमोत एक भट्टी पुन्हा पेटवली. हिवाळ्यात तीन दिवस, तीन रात्री लोहवाळू आणि कोळसा आलटून पालटून घालत राहायचं, शेवटी भट्टीच फोडून पोलादाचा लगदा बाहेर काढायचा. त्यातला निवडक भाग म्हणजे ‘तामाहागाने’. बहुतेक परवानाधारक लोहारांना तो इथूनच मिळतो.

घरी जपायची रीत त्यामानाने साधी आहे. जुनं तेल मऊ कागदाने टिपायचं, दगडाच्या बारीक भुकटीची पुरचुंडी पात्यावर हलकेच आपटायची, ती पुसून ‘चोजी’ तेलाचा अगदी पातळ हात फिरवायचा. चोजी म्हणजे लवंग. आपल्याकडे दाढदुखीवर लावतात तिचाच वास. पातं बघताना त्यावर बोलायचं नाही, थुंकीचा शिंतोडा पुरतो डाग पडायला. साठवायचं ते होनोकी लाकडाच्या साध्या म्यानात. नक्षीदार म्यान-मूठ वेगळी ठेवायची. दगडाने घासणं मात्र घरी कधीच नाही, ते पॉलिश करणाऱ्या कारागिराचं काम. प्रत्येक घासणीत थोडं पोलाद जातं, आणि गेलेलं परत येत नाही.

आजच्या लोहाराच्या हातून निघालेल्या तलवारीचा नाकागो पांढराशुभ्र असतो. कानशीने रेघा ओढून तो सही कोरतो आणि तेवढा भाग तसाच सोडून देतो.