जॅमर गेला, लिफाफा आला : ब्रिटनमध्ये भाड्याच्या गाडीवरचा पार्किंगचा वाद

हीथ्रोला भाड्याची गाडी परत केली, पुण्याला येऊन बॅगाही रिकाम्या झाल्या, आणि मग एके दिवशी क्रेडिट कार्डावरून काही पौंड गेल्याचा मेसेज येतो. लेकीकडे किंवा भावाकडे जाऊन आलेल्या अनेकांना हा धक्का बसतो. भारतीय लायसन्सवर तिथे बारा महिने गाडी चालवता येते, त्यामुळे गाडी भाड्याने घेणारे आपले लोक कमी नाहीत. गंमत म्हणजे कापले गेलेले पैसे बरेचदा पार्किंगचे नसतातच. ‘गाडी त्या दिवशी यांच्याकडे होती’ एवढे पार्किंग कंपनीला कळवल्याबद्दल भाडे कंपनीने लावलेला तो आकार असतो. खरी मागणी मागाहून येते, बहुधा शंभर पौंडांची, चौदा दिवसांत भरल्यास साठ.

आपण तिला सरळ ‘दंड’ म्हणतो आणि तिथेच फसतो. ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या पार्किंगसाठी नगरपालिका पावती फाडते ती पेनल्टी चार्ज नोटीस. सुपरमार्केटच्या आवारात खासगी कंपनी पाठवते ती पार्किंग चार्ज नोटीस. दोन्हींचे लघुरूप पीसीएनच, आणि खासगी कंपन्यांना या सारखेपणाची कधी अडचण वाटलेली दिसत नाही. पहिली कायद्याने आकारलेली असते. दुसरी म्हणजे करारातले येणे : आवारात पाटी होती, तुम्ही ती वाचून गाडी लावली, म्हणजे अटी मान्य केल्या.

हे येणे वसूल करण्याची जुनी पद्धत होती जॅमर. स्कॉटलंडमधल्या न्यायालयाने 1992 मध्येच खासगी जॅमरला खंडणी आणि चोरी ठरवून तो प्रकार बंद पाडला. इंग्लंडने मात्र उलटी वाट धरली. कॉर्नवॉलमधल्या ट्रूरो इथल्या एका खासगी आवारात गाडी लावणाऱ्या आर्थर यांना जॅमर लागला. ते रात्री परत आले आणि जॅमरसकट गाडी घेऊन गेले. 1995 मध्ये अपील न्यायालयाने सांगितले की पाटी वाचून गाडी लावली, तर जॅमरलाही संमती दिली असेच धरले जाईल. 2000 मध्ये व्हाइन या बाईंच्या खटल्यात त्याला मुरड पडली. प्रकृती बिघडली म्हणून त्यांनी गाडी थांबवली होती आणि पाटी त्यांना दिसलीच नव्हती. न पाहिलेल्या पाटीला संमती कशी, असे म्हणत न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. तरी जॅमरवाल्यांची दादागिरी चालूच राहिली. अखेर प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्टने 1 ऑक्टोबर 2012 पासून इंग्लंड आणि वेल्समधल्या खासगी जमिनीवर जॅमर लावणे गुन्हा ठरवले.

त्या बदल्यात पार्किंग कंपन्यांच्या पदरातही काही पडले. तोवर करार फक्त चालवणाऱ्याशी होता. नोंदणीकृत ‘कीपर’ने, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर त्याने, चालक कोण ते सांगायला नकार दिला की कंपनीचे हात बांधले जायचे. त्याच कायद्याच्या चौथ्या अनुसूचीने हे येणे काही अटींवर कीपरकडूनही वसूल करायची सोय केली. त्याचे नाव-पत्ता परिवहन खात्याकडून, डीव्हीएलएकडून, अडीच पौंडांत आधीपासूनच मिळत होता. जॅमरची जागा कॅमेऱ्याने आणि लिफाफ्याने घेतली.

भाड्याच्या गाडीचा प्रश्न इथे उभा राहिला. कीपर म्हणजे भाडे कंपनी, आणि तिने हजारो गाड्यांची उसाभर का करावी? म्हणून अनुसूचीत परिच्छेद 13 आणि 14 आले. नोटीस मिळाल्यापासून 28 दिवसांत भाडे कंपनीने तीन कागद द्यायचे : गाडी भाड्याने दिल्याचे सहीचे निवेदन, भाडेकराराची प्रत, आणि पार्किंगच्या आकाराची जबाबदारी माझी, असे गाडी घेणाऱ्याने सहीनिशी लिहून दिलेल्या कबुलीची प्रत. ते दिले की भाडे कंपनी मोकळी. गाडी घेणाऱ्यावर जबाबदारी ढकलायची तर पार्किंग कंपनीने पुढच्या 21 दिवसांत त्याला नवी नोटीस द्यायची आणि सोबत या तिन्ही कागदांच्या आणि मूळ नोटिशीच्या प्रती जोडायच्या.

त्यामुळे वाद घालणाऱ्याने लिफाफ्यात काय आहे याआधी काय नाही ते पाहावे. कबुलीची प्रत नसेल, किंवा नोटीस मुदतीनंतर दिली असेल, तर गाडी घेतली म्हणून जबाबदार धरण्याचा या कायद्याखालचा मार्ग बंद होतो. मात्र मुळातले येणे त्याने पुसले जात नाही, चालवणाऱ्यावर दावा करता येतोच. म्हणून तक्रारीत ‘मी गाडी लावली’ असे लिहून बसलात, तर कागदांतल्या त्रुटीचा फायदा स्वतःच्या हाताने घालवलात. शाळेत रटलेला कर्मकर्तरी प्रयोग इथे कामाला येतो : ‘गाडी लावली गेली’. शिवाय ही अनुसूची सगळीकडे लागू नाही. अनेक विमानतळांसारखी स्वतःच्या उपविधींखाली येणारी जमीन तिच्या कक्षेबाहेर आहे, आणि स्कॉटलंडही.

रक्कम अवाच्या सवा आहे, हा मुद्दा मात्र आता फारसा चालत नाही. करार मोडल्याबद्दल नुकसानीपेक्षा भरमसाट रक्कम मागता येत नाही, या 1915 च्या तत्त्वाचा आधार लोक घेत. चेम्सफर्डच्या एका दुकानसंकुलात दोन तासांच्या मर्यादेवर 56 मिनिटे जास्त थांबलेले बॅरी बीव्हिस हा मुद्दा घेऊन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 4 नोव्हेंबर 2015 रोजी सहा विरुद्ध एक मतांनी ते हरले. दुकानांसमोरच्या जागा फिरत्या ठेवण्यात कंपनीचे रास्त हित आहे, म्हणून 85 पौंड अवाजवी नाहीत, असे न्यायालय म्हणाले. तेव्हापासून कंपन्यांच्या पत्रांत हा निकाल आरतीसारखा म्हटला जातो.

सरकारने 2019 मध्ये खासगी पार्किंग कंपन्यांसाठी आचारसंहितेचा कायदा केला. फेब्रुवारी 2022 मध्ये संहिता जाहीर झाली, पण पार्किंग कंपन्या न्यायालयात गेल्या आणि जूनमध्ये ती मागे घेतली गेली. पार्किंग कंपन्यांच्या दोन्ही व्यवसाय संघटनांनी 2024 मध्ये आपलीच एक सामाईक संहिता आणली. चोराच्या हाती किल्ल्या असे मी म्हणणार नाही, पण किल्ल्या कुणाच्या हातात आहेत ते उघड आहे.

कंपनी ब्रिटिश पार्किंग असोसिएशनची सभासद असेल, तर तिने तक्रार फेटाळल्यावर पॉप्ला या लवादाकडे फुकट दाद मागता येते. त्याचा निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, तक्रारदारावर नाही. पण हे सारे तुमच्या नावाची नोटीस येईपर्यंतच. काही भाडे कंपन्या कागद पाठवायची तसदी न घेता परस्पर पैसे भरतात आणि तुमच्या कार्डावरून वसूल करतात. येणे चुकते झाले की पार्किंग कंपनीशी भांडायला काही उरत नाही. भांडण भाडे कंपनीशी आणि काउंटरवर घाईघाईत सही केलेल्या कराराशी होते. ती कंपनी बीव्हीआरएलए या व्यवसाय संघटनेची सभासद असली, तर संघटनेची तडजोड सेवा असते. नसली, तर आधी करारातले ते बारीक टायपातले कलम शोधायचे : परस्पर भरायची परवानगी आपण दिली होती की फक्त आपले नाव कळवायची.