मेरीलँडचे जेझुइट मळे आणि 1838 चा सौदा

19 जून 1838 रोजी झालेल्या एका करारात 272 माणसे विकली गेली. विकणारे फादर थॉमस मलेडी हे येशू संघाच्या, म्हणजे जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाच्या, अमेरिकेतल्या मेरीलँड प्रांताचे प्रमुख. घेणारे दोघे: लुइझियानाचे माजी गव्हर्नर हेन्री जॉन्सन आणि त्याच राज्यातले मळेवाले जेसी बेटी. किंमत ठरली 1 लाख 15 हजार डॉलर. संघाचे जॉर्जटाउन कॉलेज कर्जात होते म्हणून नाइलाजाने हे करावे लागले, अशी मांडणी नेहमी होते. ती अपुरी आहे. हा संघ तोवर शंभरहून अधिक वर्षे गुलामांच्या कष्टावर चालत आला होता; मलेडींनी ते भांडवल फक्त एकदम मोडले.

सुरुवात 1634 मधली. ‘आर्क’ आणि ‘डव्ह’ या जहाजांतून पहिले वसाहतवाले मेरीलँडला उतरले, त्यांत इंग्रज जेझुइट अँड्र्यू व्हाइट होते. (आपल्याकडे मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज ज्यांनी काढले, तोच हा संघ.) वसाहतीचे मालक लॉर्ड बाल्टिमोर स्वतः कॅथलिक, पण धर्मगुरूंना वेगळे वेतन-इनाम मिळणार नव्हते. जो आपल्या खर्चाने माणसे आणेल त्याला त्या प्रमाणात जमीन, हा सगळ्यांचा नियम तोच त्यांचाही. जेझुइटांनी करारबद्ध नोकर आणले आणि जमीन घेतली. त्या नोकरांत मथायस डि सूझा हा आफ्रिकी वंशाचा माणूस होता. मुदत भरल्यावर तो मोकळा झाला आणि 1642 मध्ये वसाहतीच्या विधिमंडळात बसला. पुढे असे घडणे शक्यच राहिले नाही. 1664 च्या कायद्याने काळ्या माणसाची गुलामी जन्मभराची झाली आणि मुलांनाही लागली.

सेंट इनिगोज, न्यूटाउन, सेंट थॉमस मॅनर, व्हाइट मार्श, बोहेमिया हे संघाचे मळे. पीक मुख्यतः तंबाखूचे. इंग्लंडमध्ये प्रोटेस्टंट सत्ता पक्की झाल्यावर मेरीलँडमध्येही 1704 च्या कायद्याने कॅथलिकांची सार्वजनिक उपासना बंद झाली. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, खासगी घरातच व्हायचा. त्यामुळे फादरांचे मळ्यावरचे घर हेच चर्च बनले. जमीन संघाच्या नावावर ठेवता येत नसे, म्हणून ती एकेका फादरच्या नावावर असे आणि मृत्युपत्राने पुढच्या फादरकडे जाई. गुलामही मालमत्ताच, तेव्हा तेही तसेच हातोहात जात. लोकांकडून वर्गणी न मागता धर्मसेवा चालली ती यांच्या श्रमावर. छळ सोसणारा समाज दुसऱ्यांना गुलाम ठेवत होता, आणि यात विसंगती असल्याचे फार थोड्यांना जाणवले.

1773 मध्ये पोपने संघच बरखास्त केला (पुढे तो पुन्हा उभा राहिला), तरी मळे गेले नाहीत. माजी जेझुइटांनी 1792 मध्ये धर्मगुरूंचे कायदेशीर मंडळ नोंदवून ते राखले. जॉर्जटाउन 1789 मध्ये जॉन कॅरल यांनी काढले होते, ते याच जाळ्यातले.

गुलाम गप्प बसले होते असे नाही. व्हाइट मार्शच्या एडवर्ड क्वीनने 1791 मध्ये मळ्याचे कारभारी फादर जॉन अ‍ॅश्टन यांच्यावर दावा लावला. आपली आजी मेरी क्वीन इंग्लंडमध्ये राहून आलेली मुक्त स्त्री होती, मग नातू गुलाम कसा, हा त्याचा मुद्दा. 1794 मध्ये तो जिंकला. मागोमाग त्याच्या नातलगांनी आणि इतरांनीही दावे टाकले.

एकोणिसाव्या शतकात तंबाखूची जमीन थकली आणि कॅथलिक लोकसंख्या शहरांकडे सरकली. शिकवण्याची फी घ्यायची नाही हा संघाचा जुना नियम. रोमने तो अमेरिकेपुरता 1833 मध्ये सैल केला. तरुण अमेरिकन फादरांना मळे नकोत, शहरी शाळा-कॉलेजे हवी होती. वाद झाला तो बहुतांशी यावर. गुलामी मुळात गैर आहे का, हा प्रश्न बाजूलाच राहिला. रोममधले संघप्रमुख यान रोथान यांनी 1836 मध्ये विक्रीला परवानगी दिली ती अटींवर: कुटुंबे तुटू नयेत, धर्माचरणाची सोय असावी, पैसा कर्जफेडीत न घालता गुंतवावा. प्रत्यक्षात घरे फुटली. पहिल्या 25 हजार डॉलरांपैकी सुमारे 17 हजार कॉलेजच्या कर्जात गेले. ‘कॅथरिन जॅक्सन’ जहाज नोव्हेंबर 1838 मध्ये मेरीलँडजवळच्या अलेक्झांड्रियाहून लुइझियानातल्या न्यू ऑर्लीन्सला निघाले, त्यात यांतलेच सव्वाशेहून अधिक जण होते. काही जण पळाले, काहींचा जोडीदार दुसऱ्या मालकाकडे असल्याने ते मागे राहिले. दहा वर्षांनी, 1848 मध्ये, फादर जेम्स व्हॅन डी व्हेल्ड लुइझियानातून कळवत होते की या लोकांना धड चर्च नाही, प्रांताने त्यासाठी पैसे पाठवावेत.

मलेडींना 1839 मध्ये पद सोडून युरोपला जावे लागले. 1843 मध्ये ते होली क्रॉस कॉलेजचे पहिले अध्यक्ष होऊन परतही आले.

हे फक्त मेरीलँडच्या जेझुइटांचे नव्हे. न्यू ऑर्लीन्सच्या उर्सुलाइन सिस्टर्स, पोर्ट टोबॅकोच्या कार्मेलाइट, मिसूरीचे व्हिन्सेंशियन, या सगळ्या कॅथलिक संघांकडे गुलाम होते. 1823 मध्ये व्हाइट मार्शहून मिसूरीला गेलेल्या जेझुइटांनी तीन गुलाम जोडपी सोबत नेली. मुले मागे ठेवून.

जेझुइटांची कागदपत्रे मात्र नीट होती. बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू, सगळे नोंदलेले. 2015 नंतर वंशजांचा शोध लागला तो त्यांच्याच आधारे. बरेच जण लुइझियानातल्या मॅरिंगूइन गावी आणि आसपास, अजून कॅथलिकच. 2017 मध्ये जॉर्जटाउनने, म्हणजे त्या कॉलेजच्या आताच्या विद्यापीठाने, आणि संघाने माफी मागितली. 2021 मध्ये वंशजांसोबतच्या प्रतिष्ठानासाठी 10 कोटी डॉलर उभे करण्याचे संघाने जाहीर केले. सुरुवातीचे दीड कोटी आले, पुढची रक्कम रेंगाळली, आणि 2022 मध्ये वंशजांच्या बाजूने त्याची उघड तक्रार झाली. तेव्हा मेरीलँडमधल्या मळ्यांची उरलेली जमीन विकून येणारा पैसाही त्यात घालायचे संघाने कबूल केले.