बुशपासून ब्रशलेसपर्यंत : आर. सी. ट्रकच्या बदलत्या भागांची पार्श्वभूमी

रेडिओ-नियंत्रित म्हणजे आर. सी. शर्यतींमधला ट्रक हे वाहन सुरुवातीला कोणी ट्रक म्हणून घडवलेले नाही. जपानच्या तामिया कंपनीने १९८३ साली ‘फ्रॉग’ ही मातीत पळणारी बग्गी आणली आणि तिच्याच सांगाड्यावर ‘सुबारू ब्रॅट’ या पिकअपची बॉडी चढवली. १९८६ मध्ये तोच सांगाडा आणि तोच गिअरबॉक्स कायम ठेवून, त्यावर मोठी चाके व फोर्ड पिकअपची बॉडी लावून ‘ब्लॅकफूट’ हा मॉन्स्टर ट्रक बाजारात आला. कंपनीने कारखान्यात जे केले तेच शौकीन लोक घरच्या टेबलावर करत होते, म्हणजे बग्गी घ्यायची, चाके सांगाड्याला जोडणारे तिचे हात रुंद करायचे, चाके बदलायची आणि वर ट्रकचे टरफल बसवायचे. आज दुकानात ‘अपग्रेड’ म्हणून मिळणाऱ्या भागांची कथा त्यामुळे ट्रकच्याही थोडी आधीपासून सुरू करावी लागते.

तामियाची पहिली आर. सी. गाडी १९७६ ची, १/१२ मापाची पोर्शे ९३४. १९७९ मध्ये ‘सँड स्कॉर्चर’ आणि ‘रफ रायडर’ या १/१० मापाच्या बग्ग्या आल्या आणि गुळगुळीत डांबरावरचा हा खेळ मातीत उतरला. १९८४ साली या कंपनीने एकाच घडणीच्या दोन स्वस्त बग्ग्या विकायला काढल्या, त्यांतल्या ‘ग्रासहॉपर’मध्ये ३८० मापाची छोटी मोटर होती आणि ‘हॉर्नेट’मध्ये ५४० मापाची मोठी. गिअरबॉक्स दोन्हींचा जवळजवळ सारखाच असल्याने ग्रासहॉपर घेतलेल्या मुलाला वर्षभरात कळायचे, की २८ मिलिमीटर व्यासाची मोटर काढून तिथे ३६ मिलिमीटरची मोटर बसते. असंख्य लोकांच्या आयुष्यातला पहिला बदल हाच असावा, कारण त्याला दोन स्क्रू आणि खाऊचे साठवलेले पैसे यापलीकडे काही लागत नव्हते. तामियाने पुढे अशा जादा भागांची ‘हॉप-अप ऑप्शन्स’ नावाची स्वतंत्र मालिकाच काढली. ‘हॉप-अप’ हा शब्द मात्र अमेरिकेत खऱ्या मोटारींची इंजिने चढवणाऱ्यांच्या बोलीतला आहे.

दुसरा बदल दिसायला अगदी क्षुल्लक, पण माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा. त्या काळच्या स्वस्त संचांत चाकाचा आस प्लास्टिकच्या किंवा ब्राँझच्या बुशमध्ये, म्हणजे साध्या कड्यात, फिरत असे. बुशच्या भोकात बारीक धूळ शिरली की ती वंगणात मिसळून पॉलिशच्या लेपासारखी काम करते, आणि काही आठवड्यांत गोल भोक अंड्यासारखे होते. चाक बोटांत धरून हलवले तर खडखड ऐकू येते. आस तिरपा झाला की गिअरचे दाते एका कडेला घासतात, मोटर जास्त करंट ओढते आणि बॅटरी लवकर बसते. बुशच्या जागी छऱ्यांचे बेअरिंग बसवले की हे सगळे एकदम थांबते. वेग फारसा वाढत नाही, पण त्याच बॅटरीवर गाडी जास्त वेळ धावते आणि गिअर टिकतात. महागड्या संचांत बेअरिंग पुढे मुळातूनच येऊ लागले, आणि ‘संपूर्ण बॉल-बेअरिंग’ हे शब्द खोक्यावर ठळक छापले जाऊ लागले. कालचा जादा भाग आज मूळ यादीत जाऊन बसतो, हा या क्षेत्राचा नेहमीचा क्रम राहिला आहे.

या क्रमाला वेग आला तो दक्षिण कॅलिफोर्नियात. फ्रॉगच्या मागच्या आसाचा षट्कोनी सांधा जोरकस मोटरपुढे टिकत नसे. तो गोल होऊन घसरायला लागला, की तिथल्या छोट्या लेथवाल्यांना काम मिळे. पोलादी आस, छऱ्यांचा डिफरन्शियल (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग), ॲल्युमिनियमच्या बैठका असे भाग आधी मित्रांसाठी आणि मग पाकिटांत घालून दुकानांसाठी तयार होऊ लागले. १९८४ साली असोसिएटेड इलेक्ट्रिक्सने रॉजर कर्टिस यांनी आखलेली ‘आरसी १०’ ही बग्गी आणली, तेव्हा या सगळ्या धडपडीला एक पक्का पाया मिळाला. सोनेरी ॲनोडाइझ केलेला ॲल्युमिनियमचा चॅसिस, नायलॉनचे हात आणि तेल भरलेले ॲल्युमिनियमचे शॉक (चाकांचे धक्के शोषणाऱ्या नळ्या) असलेली ही गाडी खेळणे म्हणून नव्हे, तर शर्यतीसाठीच केलेली होती. पोमोना येथे ‘रँच पिट शॉप’ हे दुकान व ट्रॅक चालवणाऱ्या लोसी कुटुंबाने १९८८ मध्ये ‘जेआरएक्स २’ बाजारात आणून तिला स्पर्धा निर्माण केली. शनिवारी ट्रॅकवर जे मोडले ते पुढच्या शनिवारपर्यंत नव्याने घडवायचे, अशी सोय असलेल्या ठिकाणी भाग सुधारण्याचा वेग जपानमधल्या मोठ्या कारखान्यापेक्षा जास्त असणे स्वाभाविक होते.

त्याच सुमारास अमेरिकेत खऱ्या पिकअप ट्रकच्या शर्यती स्टेडियममध्ये रंगत होत्या. मिकी थॉम्पसन यांनी १९७९ पासून फुटबॉलच्या मैदानांवर मातीचे डोंगर उभारून या शर्यती भरवल्या होत्या. त्यांची नक्कल करण्याची हौस आर. सी. वाल्यांना आली आणि आरसी १० व जेआरएक्स २ यांचे ट्रकमध्ये रूपांतर करणारे भाग विकले जाऊ लागले. लांब हात, लांब आस, चारही बाजूंना २.२ इंची रिमवरचे जाड टायर आणि वर पातळ पॉलिकार्बोनेटची पिकअपची बॉडी. रुंदी वाढल्यामुळे हा ट्रक बग्गीपेक्षा कमी उलटत असे आणि नवशिक्यालाही सांभाळता येत असे, म्हणून तो नुसत्या हौसेपुरता उरला नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लोसीने ‘जेआरएक्स-टी’ आणि असोसिएटेडने ‘आरसी १० टी’ हे मुळातूनच ट्रक म्हणून विकले, आणि रूपांतराच्या पाकिटांचे काम तिथे संपले.

शॉकबद्दल थोडे थांबून लिहिले पाहिजे. स्वस्त गाडीत स्प्रिंगच्या आत नुसती दांडी सरकते आणि तिच्या घर्षणावर सगळे अवलंबून असते, त्यामुळे गाडी उडी मारून खाली आली की चेंडूसारखी पुन्हा उसळते. तेलाच्या शॉकमध्ये बारीक भोके असलेला पिस्टन सिलिकॉन तेलातून जातो, आणि तेल जितके दाट किंवा भोके जितकी कमी, तितकी हालचाल संथ. भरताना पिस्टन हळूहळू वर-खाली करून बुडबुडे वर येईपर्यंत थांबावे लागते. एक बुडबुडा जरी आत राहिला, तरी दाबताना ‘फुस्स’ असा आवाज येतो आणि चारपैकी तो एक शॉक इतरांपेक्षा वेगळा वागतो. नवीन शॉक विकत घेऊन घाईने भरणाऱ्यापेक्षा जुने शॉक नीट भरणारा पुढे जातो, हे कोणत्याही ट्रॅकवर पाहायला मिळते.

विजेच्या बाजूचा इतिहास याहून नाट्यमय आहे. सुरुवातीच्या गाड्यांत वेगावर नियंत्रण ठेवायला रेडिओच्या इशाऱ्यावर हलणारी एक सर्व्हो मोटर तांब्याचा हात संपर्कपट्टीवर सरकवत असे, आणि कमी वेगात उरलेली वीज रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन वाया जात असे. तो इतका तापत असे, की वरच्या बॉडीला जागा ठेवून बसवावा लागे. १९८० च्या दशकात नोव्हाक, टेकिन यांसारख्या कंपन्यांचे इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोल आले आणि सर्व्हो, पट्टी व रेझिस्टर हे तिन्ही भाग एकदम निकालात निघाले. मोटरची शर्यत मात्र ब्रशवरच चालू राहिली. कार्बनचा ब्रश झिजला, तो ज्यावर घासतो तो तांब्याचा कम्युटेटर काळा पडला, की तो छोट्या लेथवर केसभर खरवडून पुन्हा चकचकीत करायचा, ब्रशची स्प्रिंग बदलायची आणि पुढच्या फेरीला उतरायचे. बॅटरी निकेल-कॅडमियमच्या सहा सेलची, ७.२ व्होल्टची होती. १२०० मिलिअँपिअर-तासांची ही क्षमता चार मिनिटांच्या शर्यतीत शेवटच्या वळणापर्यंत पुरवणे हे मोठे कसब मानले जाई, आणि सारख्या गुणाचे सेल निवडून जोडलेले पॅक जास्त किमतीला विकले जात.

पैशाच्या जोरावर शर्यत जिंकली जाऊ नये, यासाठी नियम लागतात. अमेरिकेत १९६७ पासून असलेली ‘रोअर’ ही संस्था ते ठरवत आली आहे. तिच्या ‘स्टॉक’ गटात तारेच्या २७ वेढ्यांची ठरावीक मोटरच चाले, ‘मॉडिफाइड’ गटात हवी ती. वेढे कमी तितका वेग जास्त आणि बॅटरीवर ताणही जास्त. २००० च्या दशकाच्या पूर्वार्धात ब्रशलेस मोटर १/१० मापात आली. तिच्यात झिजणारा ब्रश नाही आणि खरवडायचा कम्युटेटर नाही. स्टॉक गटासाठी पुढे १७.५ वेढ्यांची ब्रशलेस मोटर रूढ झाली आणि पिटच्या टेबलावरून लेथ दिसेनासा झाला. काही जुन्या लोकांना त्याची खंत वाटते, मला वाटत नाही. त्याच दशकाच्या उत्तरार्धात लिथियम-पॉलिमर बॅटरी आली. ती हलकी होती, पण एका सेलचे व्होल्टेज साधारण ३ च्या खाली गेले तर ती कायमची बिघडते, आणि वेळेवर वीज तोडणे जुन्या स्पीड कंट्रोलला ठाऊकच नव्हते. बॅटरी बदलली म्हणून कंट्रोल बदलावा लागला, आणि वजन कमी झाले म्हणून मागच्या स्प्रिंगाही बदलाव्या लागल्या.

२००८ साली टेक्सासच्या ट्रॅक्सस कंपनीने ‘स्लॅश’ आणला. अमेरिकेतल्या शॉर्ट कोर्स (मातीच्या आखूड, बंदिस्त ट्रॅकवरच्या) शर्यतींच्या मोठ्या ट्रकांसारखी बंद बॉडी आणि जाड बंपर असलेला, खोक्यातून काढून लगेच चालवता येणारा हा ट्रक ५६८ मिलिमीटर लांबीचा होता. त्याचा गिअरबॉक्स कंपनीच्या आधीच्या ‘रस्टलर’, ‘स्टॅम्पीड’ या गाड्यांच्या घराण्यातला असल्याने बदली भाग पहिल्या दिवसापासून दुकानांत तयार होते. पुढच्याच वर्षी असोसिएटेडचा ‘एससी १०’ आला आणि शॉर्ट कोर्स हा सर्वांत मोठ्या गटांपैकी एक झाला.

स्लॅशच्या मालकांनी मग जे केले त्यात या विषयाचे सगळे तर्क एकत्र दिसतात. साध्या ब्रशवाल्या मोटरच्या जागी ३५०० केव्हीची (म्हणजे भाराविना दर व्होल्टला मिनिटाला ३५०० फेरे घेणारी) ब्रशलेस मोटर बसवली, आणि तिला ११.१ व्होल्टची बॅटरी जोडली, की भाराविना ती मिनिटाला सुमारे ३८,८५० फेरे घेते. मागचे प्लास्टिकचे सरकते आस हा ताण फार दिवस सोसत नाहीत. ते पोलादी केले की गिअरबॉक्सच्या आतल्या प्लास्टिकच्या गिअरचे दाते जातात, आणि तेही पोलादी केले की स्लिपर क्लचची, म्हणजे जास्त ताण आला की घसरून गिअर वाचवणाऱ्या भागाची, पकड पुन्हा जुळवावी लागते. दुबळा भाग नाहीसा होत नाही, तो फक्त एक घर पुढे सरकतो. याच कारणाने मी ॲल्युमिनियमच्या चकचकीत हातांच्या विरोधात आहे. नायलॉनचा हात खांबाला आपटला तर वाकून परत येतो, किंवा स्वतः तुटून बाकीचे वाचवतो. ॲल्युमिनियमचा हात एक तर वाकलेलाच राहतो, किंवा तोच धक्का चॅसिसच्या आट्यांपर्यंत पोचवतो, आणि मग दुरुस्तीचा खर्च पाचपट. कॅलिफोर्नियाच्या ‘आरपीएम’ कंपनीचे जाड नायलॉनचे हात इतके खपले ते याच कारणाने. शॉकच्या प्लास्टिकच्या टोप्यांबाबत मात्र धातू योग्य ठरतो, कारण उंचावरून आपटल्यावर त्या आट्यांतून निसटतात आणि तेल सांडते.

काही बदलांना तर पैसेच लागत नाहीत. शॉर्ट कोर्सची बंद बॉडी उडीत खालून हवा पकडते आणि ट्रकचे नाक वर उचलते, म्हणून मागच्या भागात गोल भोके पाडण्याची पद्धत पडली. पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) बदलताना तो आणि स्पर गिअर (त्याला जुळणारा मोठा गिअर) यांच्यामध्ये कागदाची अरुंद पट्टी धरून दोन्ही दाबायचे, स्क्रू आवळायचे आणि पट्टी फिरवून बाहेर काढायची. पट्टीवर दात्यांच्या घड्या उमटल्या आणि ती फाटली नाही, तर अंतर बरोबर जमले.

खर्चाची ही साखळी पाहून अनेक क्लबांनी उलटी वाट धरली आणि ‘स्पेक स्लॅश’ नावाचा गट काढला. त्यात मोटर, स्पीड कंट्रोल आणि बहुतेक ठिकाणी टायरही कंपनीचेच ठेवावे लागतात. कुठे पिनियन बदलू देतात, कुठे तेही नाही, पण शॉकमधले तेल आणि स्प्रिंग यांना बहुधा मोकळीक असते. शर्यतीआधी तपासणीच्या टेबलावर बॉडी उचलून मोटरचा शिक्का पाहिला जातो, आणि ज्याच्या ट्रकमध्ये चार शॉक एकसारखे भरलेले असतात तो त्या गटात पुढे राहतो.