पोपेस्कु तेवढे रोमानियन आणि पोपोविच सगळे सर्ब? नाही.

रोमानियन आडनावांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "शेवटी -एस्कु असेल तर रोमानियन, -ओविच असेल तर सर्ब, नाहीतर रशियन." फुटबॉल बघणारे हे सांगतात, वंशावळी शोधणारे सांगतात. पॅरिस ऑलिंपिकमध्ये डेव्हिड पोपोविचने २०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण रोमानियाला मिळवून दिलं तेव्हाही "पण हा मूळचा सर्ब असणार" असं म्हणणारे निघालेच. या वाक्याचा पहिला अर्धा भाग बहुतेक वेळा खरा असतो. दुसरा चूक आहे, आणि परदेशातल्या रोमानियन घराण्यांचा माग काढताना याच चुकीमुळे माणसं भलत्या देशात जाऊन पोचतात.

पोपेस्कु फार समजावायला नको. चाउशेस्कु, अँतोनेस्कु, इलियेस्कु ही रोमानियाच्या सत्ताधीशांची नावं वाचलेल्याला ते -एस्कु ओळखीचं आहे. 'पोपा' म्हणजे गावच्या चर्चचा पाद्री आणि पोपेस्कु म्हणजे त्याच्या घरचा, त्याच्या कुळातला. पाद्र्याला मुलं कशी, हा प्रश्न आपल्याकडे पडतो, कारण आपल्याला पाद्री माहीत आहेत ते कॅथलिक, ब्रह्मचारी. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये गावचा पाद्री दीक्षेआधी लग्न करतो, त्याला संसार असतो, मुलं असतात. गावोगाव चर्च, म्हणून गावोगाव पाद्र्याची पोरं. रोमानियात सर्वांत जास्त आढळणारं आडनाव नुसतं 'पोपा' आहे आणि त्याच्या पाठोपाठ पोपेस्कु. याच -एस्कुचं अनेकवचन गावांच्या नावांत दिसतं. बुखारेस्टचं रोमानियन रूप 'बुकुरेश्त', म्हणजे बुकुरच्या माणसांचं गाव. राजधानीला खेटून 'पोपेश्त' नावाचं गावही आहे. मुंतेआनु, मोल्दोवेआनु या नावांतलं -एआनु वेगळं. ते आपल्या -करसारखं, माणूस कुठला हे सांगणारं. त्याचा कुणाचा फारसा घोळ होत नाही, म्हणून ते इथेच सोडतो.

आता पोपोविच. अर्थ तोच, पाद्र्याचा मुलगा. प्रत्यय स्लाव्ह, म्हणजे सर्बियन-रशियन-युक्रेनी या भाषाकुळातला आहे, हेही खरं. पण प्रत्यय स्लाव्ह आहे यावरून माणूस स्लाव्ह ठरत नाही. तो कुणी लिहिला, कोणत्या दप्तरात लिहिला, हे आधी बघावं लागतं.

रोमानियन ही लॅटिनपासून निघालेली भाषा, पण तिच्या बोलणाऱ्यांचं चर्च पूर्वेकडचं, ऑर्थोडॉक्स. वालाकिया आणि मोल्डाविया या, पुढे ज्यांचा रोमानिया झाला त्या, दोन्ही संस्थानांत कित्येक शतकं पूजाअर्चा चर्च-स्लाव्होनिक या जुन्या स्लाव्ह धर्मभाषेत चाले आणि दरबारी कागदही त्याच भाषेत लिहिले जात. सतराव्या शतकात रोमानियनने तिची जागा घ्यायला सुरुवात केली. म्हणजे घरी रोमानियन बोलणाऱ्या पाद्र्याच्या रोमानियन बोलणाऱ्या मुलाचं नाव लिहिणारा कारकून स्लाव्होनिक शिकलेला. तो 'अमक्याचा मुलगा' कसं लिहिणार? त्याला शिकवलं होतं तसं, -ओविच लावून.

कार्पेथियन डोंगरापलीकडे, आजच्या रोमानियाच्या पश्चिमेकडच्या बनात आणि ट्रान्सिल्व्हेनियात, ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याचं राज्य होतं. तिथल्या ऑर्थोडॉक्स रोमानियनांना स्वतःचं वेगळं महाधर्मपीठ १८६४ मध्ये मिळालं. तोवर ते कार्लोव्हत्सीच्या सर्बियन धर्मपीठाखाली होते. बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू या नोंदी चर्चच्या वहीत होत आणि वहीवर वरचष्मा सर्बियन धर्मसत्तेचा. अशा वहीत रोमानियन पोराचा पोपोविच झाला तर त्यात नवल कसलं? उत्तरेला बुकोविना १७७५ पासून १९१८ पर्यंत ऑस्ट्रियाकडे होता. तिथे शेजारी युक्रेनी, आणि -ओविच ही सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली घडण.

म्हणूनच रोमानियात पोपोविच हे नाव मोल्डाविया, बुकोविना आणि बनातच्या बाजूला जास्त रुजलं, तर पोपेस्कु दक्षिणेला, वालाकियात. दोन वंश शेजारी नांदत असल्याचा हा पुरावा नव्हे. दोन वेगळ्या दप्तरांचा आहे.

यावर विश्वास बसत नसेल तर लुगोजच्या ऑरेल पोपोविचकडे बघा. १८६३ मध्ये बनातात जन्मलेला हा माणूस हंगेरीतल्या रोमानियनांच्या हक्कांसाठी लढणारा कडवा राष्ट्रवादी. त्याच्या लिखाणावरून खटला झाला आणि त्याला देश सोडावा लागला. पुढे १९०६ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीचं वांशिक सीमांवर आधारलेलं संघराज्य करण्याचा गाजलेला आराखडा त्यानेच मांडला. त्याला कुणी सर्ब म्हटलं असतं तर त्याचं उत्तर ऐकायला मी आनंदाने थांबलो असतो.

उलटं उदाहरण याहून मजेशीर आहे. रोमानियाचा राष्ट्रकवी मिहाई एमिनेस्कु जन्माने एमिनोविच. १८६६ मध्ये पेश्तमधून निघणाऱ्या 'फामिलिया' नियतकालिकाच्या संपादकाने, योसिफ वुल्कानने, त्याची कविता छापताना परस्पर -ओविच काढून -एस्कु लावलं. त्या काळाची हवाच तशी होती. रोमानियाला आपलं लॅटिनपण जगापुढे मांडायचं होतं, सिरिलिक लिपी जाऊन लॅटिन लिपी येत होती आणि -एस्कु हा अस्सल देशी शिक्का ठरला. शाळामास्तर आणि कारकून पोरांना -एस्कु लावू लागले. १८९५ च्या कायद्याने आडनावं पक्की झाली, तेव्हा ज्याच्या अंगावर जे होतं ते कायमचं चिकटलं. त्यामुळे सगळे -एस्कु पुरातन, 'शुद्ध' आणि सगळे -ओविच उपरे, हे गणित मुळातच लटकं. एमिनेस्कुचा बाप एमिनोविच होता. रक्त तेच.

हो, काही पोपोविच खरोखरच सर्ब किंवा युक्रेनी असतात. बनातातल्या तिमिशोआरा शहरात आजही सर्ब राहतात. माझं म्हणणं एवढंच की प्रत्ययावरून ते ठरत नाही. आणि उलट बाजूलाही तेच घडलंय. पूर्व सर्बियात तिमोक नदीच्या खोऱ्यात रोमानियनची बोली बोलणारे व्लाख राहतात आणि सर्बियन दप्तराने त्यांना सरसकट -ओविच, -एविच लावून टाकलं.

मग ठरवायचं कशावरून? अक्षरांवरून, आणि इथेच मराठी वाचकाची पंचाईत होते. देवनागरीत सगळे 'पोपोविच' सारखेच दिसतात. रोमन लिपीत रोमानियन पोपोविच सी-आयने संपतो. तो आय केवळ सीचा उच्चार च करण्यासाठी असतो, कानाला जवळजवळ ऐकू येत नाही. 'पोपोविची' आणि त्याहून भीषण 'पोपोविसी' लिहिणं म्हणूनच चूक. (जिम्नॅस्ट नादिया कोमानेचीच्या बाबतीतही शेवटची ती ई आपण फुकट जोडली आहे, पण ती लढाई आपण १९७६ च्या ऑलिंपिकमध्येच हरलो.) सर्बियन आणि क्रोएशियन रूपात शेवटच्या सीवर तिरकी रेघ असते. हंगेरियन कागदात शेवट सी-एसने, पोलिशमध्ये सी-झेडने आणि त्याआधी डब्ल्यू, जर्मन वळणात टी-एस-सी-एच, इंग्रजीत सी-एच. एकच माणूस लुगोजच्या हंगेरियन कचेरीत सी-एस, घरी सी-आय आणि ओहायोत सी-एच असू शकतो. सी-आय हा त्यातला रोमानियन शिक्का, आणि तोही नवा. लॅटिन लिपी अधिकृत झाली १८६० च्या आसपास. त्याआधीच्या सिरिलिक वहीत रोमानियन पोपोविच आणि रशियन पोपोविच अक्षरशः सारखेच लिहिलेले. अठराव्या शतकातल्या नोंदीत सी-आयवाला पणजोबा शोधणाऱ्यांना तो मिळत नाही, याचं कारण हे.

परदेशात ही दोन नावं पसरली तीही वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या वाटांनी. पहिली लाट साधारण १८९५ ते १९१४ ची. अमेरिकेला गेलेले बहुसंख्य रोमानियन तेव्हाच्या रोमानिया देशातून गेलेच नव्हते. ते ट्रान्सिल्व्हेनिया, बनात, बुकोविनाचे शेतकरी, म्हणजे ऑस्ट्रिया-हंगेरीचे प्रजाजन. क्लीव्हलंड, यंग्जटाउन, डेट्रॉइट, शिकागोजवळची पोलादी शहरं. क्लीव्हलंडला १९०४ मध्ये त्यांनी सेंट मेरी चर्चची स्थापना केली. बुकोविनाचे लोक कॅनडाच्या गव्हाळ मैदानात गेले, रिजायनाला १९०२ मध्ये सेंट निकोलस चर्च बांधलं, अल्बर्टात आपल्या गावाचंच नाव देऊन 'बोयान' वसवलं. या लाटेत पोपोविच भरपूर गेले, आणि बहुतेकांचं स्पेलिंग तिथे सी-एच झालं. त्याच गल्ल्यांत सर्बही होते, क्रोएटही. सॅन अँटोनिओ स्पर्स या बास्केटबॉल संघाला पाच विजेतेपदं मिळवून देणारे प्रशिक्षक ग्रेग पोपोविच इंडियानातल्या अशाच पोलादी गावी, ईस्ट शिकागोला जन्मले. वडील सर्ब, आई क्रोएट वंशाची. १९६२ मध्ये अंतराळात गेलेला पाव्हेल पोपोविच कीव्हजवळचा युक्रेनी. आणि जलतरणपटू डेव्हिड बुखारेस्टचा रोमानियन. तिघांचा एकमेकांशी संबंध एवढाच की कुणाच्या तरी पूर्वजांत एक पाद्री होता.

दुसरी लाट आपल्या डोळ्यांसमोरची. २००२ पासून रोमानियनांना शेंगेन देशांत व्हिसाशिवाय जाता येऊ लागलं, २००७ मध्ये देश युरोपीय संघात आला. इटलीत आज परदेशी नागरिकांमध्ये सर्वांत मोठा समाज रोमानियनांचा आहे. स्पेनमध्ये माद्रिदजवळचं आल्काला दे एनारेस, किनाऱ्यावरचं कास्तेयोन इथे त्यांच्या मोठ्या वस्त्या आहेत. या लाटेने पोपेस्कु पश्चिम युरोपभर नेलं, आणि जसंच्या तसं नेलं. या नावात शेपटीवाला एस नाही, टोपीवाला ए नाही. कुठल्याही देशाच्या संगणकात बिनबोभाट बसतं. पोपोविचही या वेळी सी-आयसकट गेले. म्हणून मिलान किंवा माद्रिदला सी-आयवाला पोपोविच भेटला तर तो बहुधा अलीकडे आलेला, आणि क्लीव्हलंडला सी-एचवाला भेटला तर त्याच्याबद्दल अजून काहीच सांगता येत नाही.

फ्रान्सची गोष्ट वेगळी. तिथे जुन्या पिढीने -एस्कुचं -एस्को केलं. एलव्हिरा पोपेस्कु पॅरिसच्या रंगभूमीवर एलव्हिर पोपेस्को झाली, नाटककार इओनेस्कुचा इओनेस्को, संगीतकार एनेस्कुचा एनेस्को. फ्रेंच तोंडात शेवटचं '-कु' ढुंगणाच्या ग्राम्य शब्दासारखं ऐकू येतं, आणि रंगमंचाच्या जाहिरातीवर ते कुणाला हवं असेल? यावरून पोपेस्को म्हणजे इटालियन, असं ठासून सांगणारेही भेटतात. त्यांच्यापुढे मी हात टेकतो. आणि फ्रान्समध्ये किंवा इस्रायलमध्ये सी-आयने संपणारं -ओविच दिसलं तर शक्यता आणखी एक वाढते. रोमानियातल्या ज्यूंनीही हाच प्रत्यय घेतला होता. ब्रेइला शहरात जन्मलेले मानसशास्त्रज्ञ सर्ज मोस्कोविच आणि फ्रान्सचे मंत्री राहिलेले त्यांचे चिरंजीव पिएर हे त्यातले. तिथे धर्म कळतो तो प्रत्ययाआधीच्या शब्दावरून. मोस्को म्हणजे मोशेच्या नावाचं एक रूप. पोपोविचच्या मुळाशी मात्र ख्रिस्ती पाद्रीच.

ऑनलाइन नकाशांबद्दल माझं मत वाईट आहे. आडनाव टाका, देश रंगून येतो, आणि लोक सर्वांत गडद देशाला 'मूळ' म्हणतात. नकाशा फक्त आज माणसं कुठे आहेत ते दाखवतो. त्यात अनेक संकेतस्थळं तिरकी रेघ गाळून सर्बियन आणि इंग्रजी रूपं एकाच टोपलीत टाकतात, मग पोपोविच सर्बियाचा निघणारच. तेवढंच रागाचं दुसरं कारण म्हणजे "एलिस बेटावर अधिकाऱ्यांनी नाव बदललं" ही न्यूयॉर्कच्या दारातल्या त्या तपासणी-नाक्याची दंतकथा. तिथले अधिकारी जहाज कंपनीने युरोपातल्या बंदरावर भरलेल्या यादीवर खुणा करत. ब्रेमेन, हॅम्बुर्ग किंवा फ्युमेला जे लिहिलं गेलं तेच त्यांच्या हाती येई. सी-आयचं सी-एच झालं ते बहुतेक वेळा नंतर, कारखान्याच्या हजेरीपटावर, शाळेत, किंवा माणसाने स्वतःच सोयीसाठी केलं म्हणून.

तेव्हा अमेरिकेतल्या एखाद्या पोपोविचचं मूळ शोधायचं असेल तर आडनाव बाजूला ठेवा आणि ती जहाजाची यादी काढा. १८९९ पासून तिच्यात नागरिकत्वाच्या रकान्याशिवाय 'वंश किंवा लोक' असा वेगळा रकाना आहे. पहिल्यात 'हंगेरी' असेल, त्याने काही कळत नाही. दुसऱ्यात सर्बांसाठी बल्गेरियन आणि मॉन्टेनेग्रिनांबरोबर एक गट होता आणि रोमानियनांसाठी स्वतंत्र नोंद. मग शेवटच्या मुक्कामाच्या गावाचं हंगेरियन नाव घ्या, लुगोश असेल तर ते लुगोज, आणि त्या गावच्या चर्चची वही मागवा.